चौतिसाव्या वर्षी फ्रेशर

घरची शेती, वयाआधीच हातात आलेलं स्टिअरिंग आणि पहिल्याच वर्षी शेजारच्या गाडीत आयर्टन सेना! सातोरू नाकाजिमाला फॉर्म्युला वनमध्ये एकदाही पोडियम मिळाला नाही. तरी त्याची गोष्ट ऐकायला आमच्या वडगाव निंबाळकरात रात्री अकरापर्यंत मंडळी बसून होती.

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतो. वय चौतीसच्या आसपास. आधीच्या कंपनीत एकदम हीरो, पाच वेळा टॉप रेटिंग. मग तो मोठ्या कंपनीत येतो आणि पहिल्याच दिवशी त्याला कळतं, की शेजारच्या डेस्कवर जो सत्तावीस वर्षांचा पोरगा बसलाय, तसा पोरगा एका पिढीत एखादाच होतो. त्यात कँटीनमध्ये कुजबुज चालू, ‘क्लायंटनं गळ्यात मारलाय रे याला!’

सातोरू नाकाजिमाच्या बाबतीत १९८७ साली नेमकं हेच झालं. कंपनी होती लोटस, क्लायंट होंडा आणि शेजारच्या डेस्कवरचा पोरगा म्हणजे आयर्टन सेना. बोला आता!

हिंजवडीत माझ्या टीममध्ये फॉर्म्युला वनचे फॅन भरपूर. नेटफ्लिक्सवर ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ आल्यापासून तर सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर कोड कमी आणि टायर स्ट्रॅटेजी जास्त. सेनाचं नाव सगळ्यांना पाठ. नाकाजिमा म्हटलं की मात्र समोरचा विचारतो, ‘कोण, तो विल्यम्सवाला?’ नाही हो, तो मुलगा. मी बापाबद्दल बोलतोय.

या बापाचा नाद मला लागला तो एका जुन्या व्हिडिओमुळे. मुसळधार पाऊस, रस्त्यावर पाण्याची तळी, भलेभले भिंतीला जाऊन आदळतायत आणि एक पिवळी लोटस मागून एकेकाला गाठत पुढे येतेय. त्या रेसकडे येतोच. आधी त्याच्या गावाला जाऊ या.

उसाऐवजी भात

नाकाजिमाचा जन्म २३ फेब्रुवारी १९५३चा, जपानच्या आइची प्रांतातल्या ओकाझाकीचा. घर शेतकऱ्याचं. ओकाझाकी जपानी माणसाला दोन कारणांसाठी माहीत. एक तिथलं हात्चो मिसो, म्हणजे सोयाबीन मुरवून केलेलं काळपट, घट्ट वाटण. आणि दुसरं म्हणजे जपान एका छत्राखाली आणणारा तोकुगावा इयेयासू तिथल्या किल्ल्यात जन्मला. आपण शिवनेरी म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, तसं काहीसं.

तिसरी गोष्ट माझ्यासारख्यांसाठी. शेजारीच टोयोटा सिटी. कंपनीच्या नावावरून शहराला नाव मिळालेलं. म्हणजे नाकाजिमा टोयोटाच्या दारात वाढला आणि आयुष्यभर ओळखला गेला होंडाचा माणूस म्हणून! पिंपरीत वाढलेल्या पोरानं टाटांच्या गेटवरून रोज जायचं आणि नोकरी मात्र चाकणला महिंद्रात करायची, तसलाच प्रकार.

गाडी तो शिकला विशीच्या आत, घरच्याच आवारात. हे वाचून मला हसू आलं, कारण आमच्याकडेही हाच अभ्यासक्रम आहे. वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरचं गाव. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस आणि सोमेश्वर कारखान्याचा गळीत हंगाम, यावर आमचं कॅलेंडर चालतं. इथं पोरगं आधी ट्रॅक्टर शिकतं, मग मोटारसायकल आणि लायसन्स वगैरे सगळ्यात शेवटी. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर डुलत असताना त्यांना ओलांडून बारामतीला वेळेत पोहोचणं, ही ओव्हरटेकिंगची आमची शिकवणी. (हेल्मेट घाला, प्लीज. मी कौतुक करत नाहीये, फक्त सांगतोय.)

पण शेतात गाडी पळवणं वेगळं आणि त्यावर पोट भरणं वेगळं. नाकाजिमाचं नशीब असं, की ओकाझाकीहून फार लांब नसलेल्या सुझुकाला होंडानं १९६२ साली एक सर्किट बांधून ठेवलं होतं. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. एक रस्ता दुसऱ्याच्या पुलाखालून जातो, असं सर्किट फॉर्म्युला वनमध्ये दुसरं नाही. सत्तरच्या दशकात तो तिथं रेसिंग शिकला आणि त्यानं जपान अक्षरशः पालथा घातला. ऑल जपान फॉर्म्युला टू ही तिथली सर्वात वरची स्पर्धा. १९८१, ८२, ८४, ८५, ८६, पाच वेळा चँपियन. मधलं ८३ तेवढं ब्रिटनच्या जेफ लीजनं नेलं.

मग इतका भारी माणूस चौतिशीपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये का गेला नाही?

मैदानच लांब होतं

हाच प्रश्न मला गावी ओट्यावर पडला. म्हणजे पाडला गेला. दिवाळीत घरी गेलो होतो, मोबाइलवर तो व्हिडिओ लावला होता. आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, शेजारी येऊन बसले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शहरी मित्रांना वाटतं, रेसिंग म्हणजे आपल्या गावाशी संबंध नसलेलं काहीतरी. अहो, आमच्या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीत छकडीवर उभा राहून बैल पळवणाऱ्याला ‘ड्रायव्हर’च म्हणतात! स्पीकरवरून नाव पुकारतात ते ‘अमुक गावचे नामांकित ड्रायव्हर’ असंच. आधी गट, मग सेमी, मग फायनल. शर्यतीच्या दिवसाला म्हणतात ‘मैदान’. फॉर्म्युला वनचं क्वालिफायिंग आबांना समजावायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

“वय काय म्हणालास त्याचं?”

“चौतीस, आबा. पहिल्यांदा उतरला तेव्हा.”

“मग आधी काय करत हुता?”

“जपानातच पळवत होता. पाच वेळा पहिला आला.”

आबा जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. “मग त्याला उशीर झाला आसं का म्हणतोस? मैदानच लांब हुतं की त्याच्यापासनं.”

पुण्याला परत येऊन मी तारखा लावून बघितल्या. आणि काय सांगू, आबांचा अंदाज तंतोतंत!

होंडा पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये आली ती १९६४ साली, आणि १९६८ संपताना बाहेर पडली. तेव्हा नाकाजिमा पंधरा वर्षांचा. नंतर १९७६ आणि ७७ साली जपानमध्ये फुजीच्या सर्किटवर ग्रां प्री झाली. ७७च्या रेसमध्ये जिल व्हिलनव्हची फेरारी दुसऱ्या गाडीवर चढून हवेत उडाली आणि मनाई असलेल्या जागी उभ्या असलेल्या लोकांत पडली. दोघांचा जीव गेला. त्यानंतर फॉर्म्युला वन जपानला परत आलं ते थेट १९८७ला. होंडा इंजिनवाली कंपनी म्हणून परतली १९८३ला.

आता नाकाजिमाचं वय मोजा. ७७ला चोवीस, ८७ला चौतीस. रेसिंग ड्रायव्हरची ऐन उमेदीची जी दहा वर्षं, नेमकी तीच त्याच्या देशात फॉर्म्युला वनविना गेली. युरोपात जाऊन एकट्यानं खटपट करायची तर पैसा, भाषा, ओळख, सगळ्याचीच बोंब. त्यामुळे जे मैदान होतं, ते तो मारत राहिला.

आमच्याकडे हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सुप्रीम कोर्टानं मे २०१४मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं २०१७ला कायदा बदलला, पण तोही कोर्टात अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ला सुप्रीम कोर्टानं अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. बंदी योग्य की अयोग्य, बैलाच्या बाजूनं काय म्हणायचं, हा वाद मोठा आहे आणि दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. मी बोलतोय ते छकडीवरच्या पोरांबद्दल. २०१४ला जो विशीत होता, तो परवानगी आली तेव्हा तिशीकडे झुकला होता. मधल्या काळात कुणी टेम्पो घेतला, कुणी एमआयडीसीत लागला. परवानगी आल्यावर पहिल्या मैदानाला त्यांच्यातले काही उतरले, तेव्हा त्यांना कुणी ‘उशिरा आलास’ म्हटलं नाही.

वशिल्याचा माणूस

तर १९८७. होंडाचं टर्बो इंजिन तेव्हा फॉर्म्युला वनमधलं सर्वात हवंहवंसं इंजिन होतं. विल्यम्सकडे ते होतंच, लोटसलाही हवं होतं. होंडानं दिलं आणि त्या सौद्यात नाकाजिमाची सीटही आली. यात लपवाछपवी काहीच नव्हती. त्यामुळे युरोपातल्या पत्रकारांनी त्याला पहिल्या दिवसापासून ‘इंजिनासोबत आलेला ड्रायव्हर’ ठरवून टाकलं.

सीट वशिल्यानं मिळाली, हे माझ्या मते खरंच आहे. पण त्या वशिल्यामागे पाच चँपियनशिप होत्या, हे सांगायला सगळे विसरतात. आणि होंडासाठी गाड्या टेस्ट करण्यात घालवलेले दिवस वेगळेच.

त्याच्या वाट्याला आलेली लोटस ९९टी दिसायला झक्कास, सिगारेट कंपनीच्या पिवळ्या रंगात न्हालेली. गाडीचं सस्पेन्शन कॉम्प्युटरवर चालायचं. तेव्हा हे म्हणजे सायन्स फिक्शनच! त्यात नाकाजिमाच्या गाडीवर त्या मोसमात अनेक रेसमध्ये टीव्हीचा कॅमेरा बसवलेला. म्हणजे नवी नोकरी, तोंडपाठ नसलेले ट्रॅक, शेजारी सेना आणि वरून डोक्यावर सीसीटीव्ही. आपल्याला नुसता स्क्रीन शेअर करायला सांगितला तरी घाम फुटतो.

निकाल? क्वालिफायिंगमध्ये सेना सोळाच्या सोळा वेळा त्याच्या पुढे. एकदाही, चुकूनसुद्धा, उलट झालं नाही. सेनानं त्या वर्षी मोनॅको आणि डेट्रॉइटच्या रेस जिंकल्या. त्याच्याशी तुलना केली तर नाकाजिमा कुठेच नव्हता आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

पण दुसरा कागद बघा. ब्राझीलला पहिली रेस, सातवा. त्या काळी पहिल्या सहांनाच पॉइंट मिळायचे, त्यामुळे थोडक्यात हुकलं. दुसरी रेस इमोलाला, सहावा. जपानी ड्रायव्हरला फॉर्म्युला वनमध्ये मिळालेला हा पहिलावहिला पॉइंट. मग बेल्जियममधल्या स्पाला पाचवा. स्पा हा भल्याभल्यांची फे फे उडवणारा ट्रॅक. आणि १२ जुलैला ब्रिटनमध्ये सिल्व्हरस्टोनला चौथा. त्या दिवशी पहिले चार होते मॅन्सेल, पिके, सेना आणि नाकाजिमा. चारही गाड्यांत होंडाचं इंजिन! खरं सांगायचं तर नाकाजिमा मॅन्सेलच्या पार मागे होता. लोकांच्या लक्षात राहिलं ते मॅन्सेलनं पिकेला शेवटी शेवटी चकवा देऊन टाकलेलं मागे. पण टोकियोत होंडाच्या ऑफिसात त्या निकालाचा कागद किती वेळा वाचला गेला असेल, याची कल्पना करा.

नोव्हेंबरमध्ये फॉर्म्युला वन सुझुकाला आलं. दहा वर्षांनी जपानमध्ये ग्रां प्री, आणि तीसुद्धा नाकाजिमाच्या घरच्या ट्रॅकवर. सहावा आला. मोसमात एकूण सात पॉइंट. त्या वर्षापासून फुजी टीव्हीनं सगळ्या रेस दाखवायला सुरुवात केली होती आणि जपानमध्ये फॉर्म्युला वनचं जे वेड पसरलं, ते काही केल्या आवरेना.

१९८८ वाईट गेलं. सेना मॅक्लारेनला गेला, आणि होंडाचं इंजिन मॅक्लारेनलाही मिळालं. लोटसमध्ये नाकाजिमाच्या शेजारी आता तीन वेळा जगज्जेता ठरलेला नेल्सन पिके. नाकाजिमाला अख्ख्या मोसमात एक पॉइंट, तोही पहिल्याच रेसला ब्राझीलमध्ये. मोनॅको आणि डेट्रॉइटला तर तो क्वालिफायसुद्धा झाला नाही.

पण त्याच वर्षीचं सुझुका मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वीकेंडला त्याची आई वारल्याची बातमी आली. ट्रॅक घरापासून इतका जवळ. तो घरी जाऊ शकला असता, कुणी काही म्हटलं नसतं. तो गाडीत बसला. क्वालिफायिंगमध्ये त्याची आणि पिकेची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखी निघाली. पिके पाचवा, नाकाजिमा सहावा. सुरुवातीलाच मागे पडल्यावरही तो रेसमध्ये सातवा आला. पुन्हा एकदा पॉइंटच्या एक पायरी खाली.

या गोष्टीवर आपल्याकडचे लोक दोन तऱ्हांनी बोलतात, हे मी बघितलंय. ऑफिसमधले म्हणाले, ‘व्वा, काय डेडिकेशन!’ आबा म्हणाले, “त्याला घरी जाऊन आईबिगरचं घर बघायचं नसंल.” मला आबांचं जास्त पटलं.

ॲडलेडचा पाऊस

१९८९. टर्बो इंजिनांवर बंदी आली, होंडानं लोटसची साथ सोडली. आता गाडीत जड नावाच्या ब्रिटिश कंपनीचं इंजिन. ज्या होंडामुळे सीट मिळाली, ती होंडा गेली आणि नाकाजिमा मात्र राहिला. खरी परीक्षा आता होती आणि त्या वर्षी तो जवळजवळ नापास होत होता. स्पाला तर पिके आणि नाकाजिमा दोघंही क्वालिफाय झाले नाहीत. लोटसच्या दोन्ही गाड्या रेसच्या दिवशी घरी, असं त्या टीमच्या इतिहासात आधी कधी झालं नव्हतं. मोसमाची शेवटची रेस आली तोवर नाकाजिमाच्या नावावर शून्य पॉइंट.

ती रेस ५ नोव्हेंबरला, ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या रस्त्यांवर. नाकाजिमाची लोटससाठी शेवटची. सुरुवात तेविसाव्या नंबरवरून. आणि पाऊस म्हणजे आपल्याकडे जुलैत लोणावळ्याला पडतो तसला. समोरच्या गाडीच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्याची भिंतच उभी राहायची, तिच्यापलीकडे काय आहे हे देवालाच ठाऊक. बऱ्याच ड्रायव्हर्सना रेस नकोच होती. त्या वर्षीचा जगज्जेता ॲलन प्रॉस्ट एक लॅप मारून आत आला आणि रेस थांबवून पुन्हा सुरू केली, तेव्हा तो उतरलाच नाही. मी तरी त्याला दोष देत नाही.

नाकाजिमाची गाडी पहिल्याच लॅपला गिरकी घेऊन उलटी फिरली. तो सगळ्यांच्या मागे.

आणि मग सुरू झालं. पुढचे एकेक गळायला लागले. सेना आघाडीवर होता, पाण्याच्या भिंतीत समोरची ब्रॅबॅम त्याला दिसलीच नाही आणि तिच्या मागच्या बाजूवर जाऊन तो आदळला. पिकेचंही तसंच झालं, तोही कुणाच्या तरी गाडीवर. म्हणजे नाकाजिमाला ज्या दोघांच्या शेजारी बसवून तीन वर्षं मोजलं, ते दोघंही जगज्जेते पावसात न दिसणाऱ्या गाडीवर आपटून बाहेर. आणि हा अजून रस्त्यावर.

नुसता टिकून राहिला असता, तर ‘बाकीचे पडले म्हणून पुढे आला’ म्हणता आलं असतं. पण ६४व्या लॅपला त्यानं त्या रेसमधला सर्वात वेगवान लॅप मारला. एक मिनिट ३८.४८० सेकंद. इंजिन साधं, गाडी क्वालिफाय व्हायलाच धापा टाकणारी, आणि मैदानावर त्याच्याइतका वेगवान कुणीही नाही. दोन तासांची मर्यादा संपली म्हणून ८१ऐवजी ७० लॅपनंतर रेस थांबवली. थिअरी बुटसेन पहिला, नानिनी दुसरा, पात्रेसे तिसरा आणि नाकाजिमा चौथा. पात्रेसेच्या मागे पाच सेकंदांहूनही कमी. ठरलेले ८१ लॅप झाले असते तर? मला वाटतं, पोडियमवर तो गेला असता. अर्थात हे माझं मत, त्याला पुरावा नाही.

ओट्यावर हाच व्हिडिओ चालू होता तेव्हा आबांनी एकच गोष्ट विचारली होती, “ह्यो आत्ता पुढं आलेला, त्याचं इंजिन लई भारी हाय का?” नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “चिखलात हात बघत्यात, बैल न्हाई.” तोपर्यंत शेजारची दोन घरंही येऊन बसली होती आणि मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

स्वतः गेला, पण दार उघडं ठेवून

पुढची दोन वर्षं टायरेल टीममध्ये गेली. १९९०ला तीन वेळा सहावा. त्यातला एक सहावा नंबर सुझुकाचा, ज्या रेसमध्ये सेना आणि प्रॉस्ट पहिल्याच वळणावर एकमेकांवर आदळले आणि अगुरी सुझुकी तिसरा आला. जपानी ड्रायव्हरचा पहिला पोडियम! तो नाकाजिमाचा नव्हता, त्याच्यानंतर आलेल्याचा होता. १९९१ला गाडीत पुन्हा होंडाचं इंजिन आलं, पण पहिल्या रेसमधल्या पाचव्या नंबरानंतर हाती काही लागलं नाही. त्याच वर्षी त्यानं निवृत्ती जाहीर केली. सुझुकाची शेवटची रेस अर्ध्यावर संपली. आणि ॲडलेडला, पुन्हा तशाच पावसात, सुरुवातीलाच भिंतीला. ती रेस तर चौदा लॅपनंतरच थांबवावी लागली. वय अडतीस. हिशोब असा: ७४ रेस, १६ पॉइंट, पोडियम शून्य.

इतर कुणी असता तर पुढे टीव्हीवर कॉमेंट्री करत बसला असता. नाकाजिमाची टीम, नाकाजिमा रेसिंग, तो स्वतः गाडी चालवत असतानाच, १९८३ साली सुरू झालेली होती. ती त्यानं वाढवली. त्या टीमच्या ड्रायव्हर्सनी जपानच्या फॉर्म्युला निप्पॉन स्पर्धेत चार वेळा चँपियनशिप मिळवली, शेवटची २००९ला लोइक ड्युव्हालनं.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटते ती त्याची शाळा. सुझुका सर्किटवर नव्वदच्या दशकात पोरांना फॉर्म्युला गाड्या शिकवणारी रेसिंग स्कूल निघाली, त्यात नाकाजिमा मुख्य. ज्याला स्वतःला वाट मिळायला चौतीस वर्षं लागली, तो आता पोरांना विशीच्या आत वाटेला लावत होता. १९९७ला तिथं ताकुमा सातो नावाचा मुलगा आला. मूळचा सायकलपटू, गाड्यांचा अनुभव नावापुरता आणि वय शाळेच्या मर्यादेला टेकलेलं. कागदावर बघितलं तर पहिल्याच फेरीत बाद. त्यानं विनंती केली, निवड नुसत्या कागदावरून करू नका, मुलाखत घ्या. तो निवडला गेला. हाच सातो पुढे २००४ला अमेरिकेत फॉर्म्युला वनच्या पोडियमवर उभा राहिला आणि इंडियानापोलिस ५०० ही जगातल्या सर्वात मोठ्या रेसपैकी एक त्यानं दोनदा जिंकली, २०१७ आणि २०२०ला. २०१९ला नाकाजिमा शाळेच्या मुख्य पदावरून उतरला आणि त्याच्या जागी आला तो सातोच.

दुसरा किस्सा २०१६चा. युकी त्सुनोडा नावाचा पोरगा त्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेत स्कॉलरशिपच्या नंबरात आला नाही. म्हणजे विषय संपला. पण नाकाजिमानं होंडाला सांगितलं, याला सोडू नका. होंडानं ऐकलं. २०२१ला त्सुनोडा फॉर्म्युला वनमध्ये आला, वय अवघं वीस. त्याच वर्षी अबू धाबीला तो चौथा आला.

थोडक्यात, होंडात शब्द टाकून पोराला सीट मिळवून देणं. १९८७ला ज्यावरून नाकाजिमाची टिंगल झाली, नेमकं तेच!

स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र गंमत झाली. थोरला काझुकी बापाच्या होंडाकडे न जाता शेजारच्या टोयोटाच्या तालमीत तयार झाला. २००७च्या शेवटी विल्यम्समधून फॉर्म्युला वनमध्ये आला, दोन पूर्ण मोसम खेळला आणि बाहेर पडला. नंतर २०१६ला ल माँच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये टोयोटा जिंकणार हे ठरल्यातच जमा होतं. स्टिअरिंगवर काझुकी, काही मिनिटं उरलेली आणि गाडीचा दमच गेला. त्याचा रेडिओवरचा आवाज ऐकवत नाही. पण २०१८, १९ आणि २०, लागोपाठ तीन वर्षं त्यानं तीच रेस जिंकली. २०२१ला तोही निवृत्त झाला.

आणि आता खास हिंजवडीकरांसाठी. आपला नारायण कार्तिकेयन, २००५ला जॉर्डनमधून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, करिअरच्या उत्तरार्धात जपानमध्ये सुपर फॉर्म्युला खेळायला गेला. २०१७ आणि १८ला तो ज्या टीमकडून खेळला, तिचं नाव होतं टीसीएस नाकाजिमा रेसिंग. होय, तीच टीसीएस! आपल्यातले निम्मे जण ज्या कंपनीत आहेत, होते किंवा इंटरव्ह्यू देऊन आलेत, ती. तेव्हा कार्तिकेयन चाळिशीचा. २०१९च्या नोव्हेंबरात फुजीला जपानच्या सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएमच्या गाड्या एकत्र उतरल्या होत्या. त्यातली रविवारची रेस त्यानं नाकाजिमाच्याच टीमची होंडा चालवून जिंकली. बेचाळिसाव्या वर्षी.

त्याच साली नाकाजिमाकडे सुपर फॉर्म्युलात एक स्पॅनिश पोरगा होता, अॅलेक्स पालोऊ. पुढे अमेरिकेत जाऊन त्यानं इंडीकारची चँपियनशिप एकदा नाही, चारदा जिंकली. २०२५ला इंडियानापोलिस ५००सुद्धा.

ॲडलेड १९८९ची ती रेस यूट्यूबवर सापडते. पूर्ण बघायची तर दोन तास काढावे लागतील, शनिवारी जेवणं झाल्यावर लावा. घाई असेल तर सेना बाहेर पडतो तिथून सुरू करा आणि पिवळ्या गाडीवर नजर ठेवा. पिकेसुद्धा पिवळ्याच लोटसमध्ये आहे, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होईल. पुढे होणार नाही, कारण एकच उरते.